माझ्या तळघरात वारा शिरत नाही

१ डिसेंबर
या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेलं: जिना (चौदा पायऱ्या, प्रत्येक साडेसतरा सेंटिमीटर), कोंबड्यांचं खुराडं, आलुबुखाराची दारू गाळायचं तांब्याचं भांडं, आणि तळघरातली लाकडाची भट्टी, पाइप-पंपासकट. कुणाकडे शिकलो नाही. आज तळघराची खिडकी फोमनं बुजवली, दाराला रबरी पट्टी लावली. वाऱ्याच्या झोतानंच बायकोची, देसांकाची कंबर धरते. आता तिथं काडी पेटवली तर ज्योत हलत नाही.

४ डिसेंबर
भट्टी धुमसते. ओकचं लाकूड ओलं असणार, विकणारा नालायक. ओलावा मोजला: सतरा टक्के. म्हणजे कोरडं. मीटर बिघडलंय.

७ डिसेंबर, सकाळ
धुरांडं झाडलं. अर्धी बादली काजळी. प्रश्न मिटला.

८ डिसेंबर
मिटला नाही. रेडिएटर कोमट. पंपातली हवा काढली. देसांकाचं डोकं दुखतं. म्हणते, अंगणात गेलं की थांबतं. म्हटलं, अंगणात काम नसतं म्हणून.

११ डिसेंबर
मुलाचा, ओग्न्येनचा फोन. एकोणीसला आमच्या घराच्या संताचा दिवस. बोलावणं कुणाला द्यायचं नसतं, लोक येतातच. तो दोन महिन्यांच्या नातीला पहिल्यांदा आणणार. विचारतो, बाबा, घर गरम आहे ना? म्हटलं, घाम पुसायला रुमाल आण.

१४ डिसेंबर
विचित्र. देसांका तळघराचं दार उघडून मला शिव्या देते तेवढा वेळ जाळ छान लागतो. गेली की बसतो. आवाजाचा जाळावर परिणाम होतो का, पाहायला हवं.

१६ डिसेंबर
देसांका बटाटे आणायला खाली गेली, पायरीवर बसली, उठेना. उचलून अंगणात आणली. ओठ निळसर. डॉक्टर म्हणाले, धुरातला वायू. मी रक्तदाब म्हटलं.

१७ डिसेंबर
तिनंच वुकाशिनला बोलावलं, धुरांडी झाडणारा. पाच मिनिटं पाहिलं. म्हणाला, रादिशा, भट्टी झकास बांधलीस, फक्त तिचं नाक दाबून धरलंयस. खिडकी उघड.
म्हटलं, आणि झोत? हिची कंबर?
म्हणाला, कंबर धरलेली बाई जिवंत तरी असते.
देसांका हसली. मला ते आवडलं नाही. हवेचं मी स्वतः पाहून घेईन म्हटलं.

१९ डिसेंबर
चार पिढ्या हा सण याच घरात झाला. काल देसांका मेणबत्ती, सणाची भाकर आणि गव्हाचं गोड घेऊन उझित्सेला ओग्न्येनच्या फ्लॅटवर गेली. जाताना म्हणाली, त्या पोरीला मी तुमच्या धुरात आणू देणार नाही. तुम्हीही चला. म्हटलं, भट्टी सोडून कसा येऊ.
भट्टी सकाळपासून विझलेली आहे. दोन पाहुणे आले, मला ओव्हरकोटात पाहून उभ्याउभ्याच एकेक पेला घेऊन गेले. ओग्न्येननं फोटो पाठवला. नात देसांकाच्या मांडीवर, उघड्या पायांनी.
नोंद पुरी असावी म्हणून लिहितो. वुकाशिन परवाच तो फोम काढून जाळी बसवून द्यायला तयार होता. वीस मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. पंधराशे दिनार सांगितले होते, सणाचे दिवस म्हणून हजारावर आला होता.