न केलेल्या अर्जाचे उत्तर

कोल्हापूर,
रविवार सकाळ

प्रिय विजयसिंह,

सलग दोन बुधवार शाहूपुरीतल्या आपल्या नेहमीच्या टेबलावर मी एकट्याने चहा घेतला. पहिल्या खेपेस हॉटेलमालकाने विचारले, "सर, कारखानदार आलं न्हाईत व्हय?" दुसऱ्या खेपेस त्याने विचारलेही नाही, आणि ते मला अधिक लागले. तू का येत नाहीस हे मला ठाऊक आहे. "नागसेन, तुझ्या नातीनं माझ्या माणसाला चोर ठरवला की रे," एवढे एकच वाक्य फोनवर बोलून तू फोन ठेवलास. एका वाक्यात सभा जिंकून खाली बसायची तुझी सवय कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धांपासूनची आहे. मुद्द्यांची जुळणी तेव्हाही माझ्या वाट्याला यायची आणि आजही आली आहे. घडलेल्यातले निम्मे तुला माहीत आहे, पण ते नेमके कोणते निम्मे याची मला खात्री नाही. म्हणून सगळे क्रमाने मांडतो. कंटाळलास तरी मध्येच ठेवू नकोस.

साक्षीला तू नीट पाहिलेस ते ती शाळेत असताना. तिच्या बापाची, बुद्धभूषणची, बदली नागपूरला झाली, सूनबाईही तिकडे गेली, आणि ही शिक्षणासाठी म्हणून माझ्याकडे राहिली ती राहिलीच. अभियांत्रिकी पूर्ण करून ती एका फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीच्या कामाला लागली. ओतलेले कास्टिंग हातात घेऊन आतली पोकळी कुठे असेल हे ती यंत्राखाली धरण्याआधी सांगते, असे तिचे सहकारी म्हणत. मी ते पाहिलेले नाही, त्यामुळे ते पुरावा म्हणून देत नाही. जानेवारीत ऑर्डरी आटल्या, कंपनीने तिचा विभागच बंद केला आणि ती घरी बसली. घरी बसली हा शब्दप्रयोग चुकीचा आहे. त्या दिवसापासून ती जितके काम करते आहे तितके नोकरीत असतानाही करत नव्हती.

नोकरी शोधण्याच्या या कामासाठी तिने संगणकावरचा एक एआय सहायक नेमला आहे. नेमला म्हणतो, कारण त्याच्याशी ती हाताखालच्या माणसाशी बोलावे तशी बोलते, आणि तोही तसाच अदबीने उत्तरे देतो. कुठे अर्ज केला, कोणाचे उत्तर आले, कोणाला आठवण करायची, मुलाखत कधी, हा सगळा हिशेब तो ठेवतो. रोज सकाळी माझी भाकरी तव्यावर असते आणि तिकडून त्या दिवसाचा गोषवारा येतो. प्रारंभी मी त्याच्याकडे संशयाने पाहिले, कारण त्याने तिच्यासाठी लिहिलेल्या पहिल्याच अर्जात विशेषणांची नुसती रेलचेल होती. एके ठिकाणी त्याने लिहिले होते की तिने एका सुधारणा मोहिमेचे नेतृत्व केले. साक्षीने ते वाक्य खोडले. "मी नेतृत्व केलेलं नाही, मी त्यात होते. जे केलं तेवढंच लिही." त्याने चूक मान्य केली, आणि त्यानंतर असे प्रत्येक वाक्य लिहिण्यापूर्वी तो विचारू लागला की याला आधार काय. विजयसिंह, माझ्या हातून तर्कशास्त्राचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या गेले. एकदा सांगून सुधारलेले त्यांच्यातले फार थोडे.

जेवणानंतर मुलाखतीचा सराव चाले. तो प्रश्न विचारी, ती येरझाऱ्या घालत उत्तर देई, आणि मी वर्तमानपत्रामागून ऐके. "तुमच्या एखाद्या अपयशाविषयी सांगा," असे त्याने विचारले की ती हमखास अडखळे. एकदा मी न राहवून म्हणालो, "त्याला उलट विचार, अपयश कोणाच्या व्याख्येनुसार?" ती म्हणाली, "आजोबा, असं विचारलं तर नोकरी न्हाई, तुमच्यासारखी पेन्शनच मिळंल." ती एरवी शहरी बोलते. थट्टा करायची असली की मामाची भाषा काढते.

हा मामा म्हणजे पेठ वडगावचा भाऊसो, सूनबाईचा भाऊ. इथून पुढचा भाग तुला बहुधा ठाऊक असलेल्या निम्म्यातला आहे. वडगावातल्या एका लग्नात तो तुझ्या शेजारी जेवायला बसला आणि म्हणाला, "साहेब, नागसेन सरांची नात रिकामी हाय. एक शब्द टाका की." तू वाढप्याला बासुंदी आण म्हणालास आणि भाऊसोला "झालं समज" म्हणालास. दुसऱ्या दिवशी कारखान्यावर जाऊन भरती पाहणाऱ्या अमरसिंहला सांगितलेस, पोरीला लावून घ्या. मला कळवायचे नाही असेही बजावलेस, कारण मी आडवा येईन हे तुला माहीत होते. तुझे हे अनुमान बरोबर होते.

आता दुसरी बाजू. जानेवारीच्या अखेरीस साक्षीला एका बनावट कंपनीचा फोन आला होता. अर्ज न करताच निवड झाली म्हणून सांगितले आणि नोंदणीच्या नावाखाली पैसे मागितले. ती फसली नाही, पण तिने सहायकाला नियम घालून दिला की जिथे आपण अर्ज केलेला नाही तिथून बोलावणे आले तर आधी सावध करायचे. त्यानंतर तुझ्या अमरसिंहचा फोन आला, तोही त्याच्या स्वतःच्या नंबरवरून. "मॅडम, सोमवारपास्नं या. आधार, पॅनचं फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाका." तिने विचारले, कोणत्या पदासाठी? "पदाचं बघू की मागनं." मुलाखत? "त्याची काय गरज न्हाई." माझा नंबर कोणी दिला? "वरनं आलाय."

हे संभाषण तिने जसेच्या तसे सहायकाला सांगितले. त्याने उत्तर दिले की अर्जाची नोंद नाही, पदाचे नाव नाही, मुलाखत नाही, कागदपत्रे मात्र तातडीने हवी आहेत, तेव्हा ही फसवणुकीची लक्षणे आहेत. तरीही निष्कर्ष काढण्यापूर्वी कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर चौकशी करावी. तिने केली. तुझ्या कार्यालयातली मुलगी म्हणाली, आमच्याकडं सध्या भरती न्हाई. तिनेही खरेच सांगितले, कारण तुझा हुकूम तिच्या टेबलापर्यंत पोचलाच नव्हता. मग साक्षीने कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर सविस्तर ईमेल पाठवली. आपल्या नावाचा वापर करून अमुक क्रमांकावरून तरुणांना फसवले जात आहे, कृपया कारवाई करावी, आणि खाली अमरसिंहचा नंबर. त्या पत्त्यावरचे टपाल तुमच्याकडे सगळे कार्यालय उघडते हे तिला कसे ठाऊक असणार? चार दिवस त्या बिचाऱ्याला शिपायापर्यंत सगळ्यांनी "काय चोरसाहेब" म्हणून हाक मारली, असे भाऊसोकडून कळले.

मी हे पुन्हा पुन्हा तपासले आहे. साक्षीच्या तर्कात दोष नव्हता आणि यंत्राच्याही नव्हता. सगळी विधाने खरी होती. एकच विधान गहाळ होते, आणि ते विधान तू होतास. कोल्हापुरात नोकरी अशीही मिळते, जेवणाच्या पंगतीत टाकलेल्या शब्दावर, प्रेमापोटी, हे तिच्या सहायकाच्या माहितीत नव्हते. खरे तर तिच्याही नव्हते, आणि त्याला जबाबदार तिचे पालनपोषण आहे, म्हणजे मी.

तुला आठवत असेल, बी.ए.च्या वर्गात आपण याच विषयावर भांडलो होतो. नैयायिकांची बाजू घेऊन तू म्हणायचास की ज्ञानाची प्रमाणे चार, आणि विश्वासू माणसाचा शब्द हेही त्यांतले एक. मी बौद्ध न्यायाच्या बाजूने म्हणायचो की प्रमाणे दोनच, डोळ्यांनी पाहिलेले आणि त्यावरून काढलेले अनुमान. कोणाचा तरी शब्द हे काही स्वतंत्र प्रमाण नव्हे. तू ओरडायचास, "मग आईच्या शब्दावर बापाला बाप म्हणतोस ते काय?" आणि वर्ग तुझा व्हायचा. माझ्यासाठी तो विषय वर्गापुरता नव्हता. पुढे माझी कॉलेजात नेमणूक झाली तेव्हा ती जागा खुली होती आणि मुलाखतीत मी पहिला आलो होतो. तरी स्टाफरूममध्ये बोलले गेले की यांना काय, सवलत. तू फाउंड्रीतले काम टाकून तसाच तेलकट कपड्यांत तिथे आलास आणि टेबलावर हात आपटून म्हणालास, "निकाल मागवा आणि वाचा मोठ्यानं!" तो वाचला गेला. त्यानंतरची माझी सगळी वर्षे त्या कागदावर उभी आहेत. राखीव जागा असती तरी ती माझ्या हक्काची असती, मान खाली घालायचे कारण नव्हते. पण जे मी मिळवले ते मला कोणीतरी दिले, असे म्हणायला वाव ठेवायचा नाही, हे मी तिथे शिकलो. तू माझ्यासाठी भांडलास तो परीक्षेच्या बाजूने. आता माझ्या नातीला परीक्षेवाचून आत घेणारही तूच होतास. पहिल्या दिवसापासून तिथे तिला साहेबांच्या ओळखीची म्हणून पाहिले गेले असते, आणि या खेपेस मोठ्याने वाचायला निकालच नसता.

सगळा उलगडा झाला तेव्हा भाऊसो आमच्या सोफ्याच्या कडेला बसून म्हणाला, "सर, मी चांगल्यासाठीच बोल्लो हुतो." साक्षीने मला विचारले, "म्हणजे ती नोकरी खरी होती?" मी म्हणालो, हो. तिने मान हलवली आणि ती आत गेली. तिचा चेहरा मी पाहिला, विजयसिंह. तत्त्व माझे होते आणि नोकरी तिची गेली होती. तासाभराने बाहेर येऊन ती एवढेच म्हणाली, "पण कसली नोकरी, हे कुणालाच माहीत नव्हतं."

तुला ठाऊक नसलेले निम्मे इथून सुरू होते. मागच्या आठवड्यात तुझ्या कागल एमआयडीसीतल्या ओतकामाच्या कारखान्याची रीतसर जाहिरात आली, गुणवत्ता अभियंता हवा म्हणून. ती सहायकाने शोधली आणि तिला विचारले की या कंपनीकडे आपण पूर्वी तक्रार केली आहे, तरी अर्ज करायचा का? तिने एक दिवस विचार केला आणि केला. अर्जात तिने स्वतःहून लिहिले की ती तक्रार माझीच, ती तेव्हा हाती असलेल्या माहितीवर आधारलेली होती, अमरसिंह यांना झालेल्या मनस्तापाबद्दल मी दिलगीर आहे. हा भाग वगळला तर अर्ज अधिक सुरक्षित होईल, असे सहायकाने सुचवले होते. ती म्हणाली, "राहू दे. खरं आहे ते."

अर्जाला उत्तर नाही. पोच नाही, नकारही नाही. रोज सकाळी गोषवाऱ्यात तुझ्या कारखान्याचे नाव येते आणि पुढे उत्तर नाही असे येते. दरम्यान चाकणच्या एका कंपनीने तिला घेतले आहे आणि शनिवारपर्यंत होकार मागितला आहे. काम बरे आहे, पण ओतकामाचे नाही. तिला धातू हातात हवा आहे. मी इथे एकटा पडेन हा मुद्दा मी मांडणार नाही, तो प्रस्तुत विषयाशी असंबद्ध आहे. असंबद्ध असला तरी तो खोटा नाही, एवढेच नोंदवतो.

तेव्हा हे पत्र कशासाठी, ते आता सांगतो. माफीसाठी नाही, आणि नोकरीसाठीही नाही. माझा समज असा आहे की अमरसिंहने तो अर्ज न उघडता बाजूला ठेवला आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही तोच मोह झाला असता. तो अर्ज शनिवारच्या आत उघडला जावा. तिच्या हातात चांगले आणि वाईट कास्टिंग द्यावे, अवघड प्रश्न विचारावेत, विचारणारा अमरसिंहच असला तरी चालेल, आणि तू त्या खोलीत नसावेस. ती उतरली नाही तर शनिवारी चाकणला होकार जाईल आणि मी तिची बॅग भरू लागेन. या पत्राची तिला कल्पना नाही. कळले तर तिचा सहायक मलाही संशयितांत घालेल, आणि ते योग्यच ठरेल. कारण कसेही मांडले तरी हा शब्द टाकणेच आहे, हे मला पहिल्या ओळीपासून कळत होते. भाऊसोने जे जेवता जेवता एका वाक्यात केले, त्यासाठी मला इतकी पाने लागली. बुधवारी मी शाहूपुरीत असेन. चहा दोन सांगेन. तुझा निवला तर दुसरा सांगेन, पण टेबल सोडणार नाही.

तुझाच, अजूनही दोनच प्रमाणे मानणारा,
नागसेन