माशी आणि पिकअप

१२ फेब्रुवारी

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आईच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे ते ती दर रविवारी फोनवर सांगते. तुमचं काय म्हणणं आहे ते विचारलं की म्हणते, "ते दुकानात आहेत." चार वर्षं झाली, तुम्ही दुकानातच आहात. जगात एवढ्या पंपांच्या नि पंख्यांच्या मोटारी जळून तुमच्याकडे गुंडाळायला येत असतील असं मला वाटत नाही. पण ते असो.

पत्राचं कारण कामाचं आहे. पुढच्या महिन्यात आमच्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग आहे. चौघं आहोत आणि नऊ गाणी आहेत, त्यातली पाच माझी. परवा स्टुडिओत चाचणी झाली. रेकॉर्डिंगवाल्या बाई फार कडक आहेत. दहा मिनिटं डोळे मिटून ऐकलं, मग हेडफोन काढून मला म्हणाल्या, "तुमच्या गिटारीत माशी शिरलीय का हो?"

ती गुणगुण मला ठाऊक होती. स्टेजवर लोकांच्या गलक्यात ती खपून जाते, स्टुडिओत नाही खपत. बाईंनी निकालच दिला की ब्रिजजवळचा पिकअप बदलून या, नाहीतर दुसरी गिटार आणा. दुसरी गिटार मी आणणार नाही हे तुम्हाला सांगायला नको. मग उरला पिकअप. एवढीशी बोटभर पेटी, आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वर गिटारीची तार थरथरली की खालच्या कॉइलमध्ये वीज हलते, आणि पुढचा सगळा डामडौल तिच्या जिवावर. तुम्हीच मला हे शिकवलंत, तेव्हा मी तुम्हाला का शिकवतेय कोण जाणे.

इथे एक दुरुस्तीवाले काका आहेत. कुठलंही वाद्य उघडायच्या आधी ते हात धुतात, म्हणून सगळे त्यांना सर्जन म्हणतात. त्यांनी तीन पिकअप समोर मांडले. पहिला एका कॉइलचा, जुन्यासारखाच. सूर लख्ख, पण माशी जिवंत. दुसरा जाडजूड, दोन कॉइल शेजारी शेजारी, एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या. त्यात माशी ठार मरते, पण सूर कांबळं पांघरून बसल्यासारखा येतो, आणि तो बसवायचा तर गिटारचं लाकूड कोरावं लागतं. तिसऱ्यात त्याच दोन कॉइल एकीवर एक रचलेल्या. जुन्या खाचेत बरोबर बसतो, माशी नाही, सूर जरा हातचं राखून बोलतो एवढंच. माझं मन तिसऱ्यावर आहे. तुमचं मत कळवा. तुमच्याइतक्या कॉइल मी पाहिलेल्या माणसांत कुणी गुंडाळलेल्या नाहीत.

जुन्याबद्दल काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नाही. चार वर्षं चालला.

आईला नमस्कार.

आपली,
धाकटी

३ मार्च

ती. बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. आतापर्यंत वीसेक वेळा वाचलं. वेळ लागत नाही, चारच ओळी आहेत. "दोन कॉइलवाला जाड घे. गुणगुण राहणार नाही. जुना फेकू नकोस, तांबं चांगलं आहे. आईचा गुडघा बरा."

या चार ओळींत तुम्ही एक गोष्ट लिहू शकला असतात. लिहिली नाहीत. म्हणून मला लिहावी लागतेय.

गेल्या आठवड्यात सर्जनकाकांनी जुना पिकअप तपासायला काढला आणि झाकण उघडलं. डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "कुणी गुंडाळलाय?"

"वडिलांनी. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे त्यांचं."

"माणूस कसलेला आहे. एक वेढा इकडचा तिकडे नाही. पण मग मेणात का नाही बुडवला? एवढं सुबक काम करणारा माणूस ही पायरी विसरणार नाही. मेण नसलं की वेढे सुटे राहतात, मोठ्या आवाजाला थरथरतात आणि पिकअप किंचाळतो. तुमचा किंचाळला असेल."

मी म्हटलं, "किंचाळला." आणि दुकानाबाहेर येऊन पायरीवर बसले.

बाबा, तुम्ही विसरला नव्हतात. मी ती गिटार सेकंडहँड आणली तेव्हा तिचा पिकअप मेलेला होता. तुम्ही ती बारीक तार मागवलीत, शिलाई मशीनच्या मोटारीवर कॉइल फिरवलीत, आठ हजार वेढे बोटांनी तार धरून घातलेत. तीनदा तुटली, तीनदा पहिल्यापासून. शेवटी कॉइल पुरी झाली, तुम्ही ती तात्पुरती गिटारीत बसवून आवाज येतो का ते पाहिलंत आणि मला म्हणालात, "वाजते आहे, पण नेऊ नकोस. अजून मेणात बुडवायची आहे. परवा ने." दुसऱ्या दिवशी माझा कार्यक्रम होता. तुम्ही कुणाचा तरी पंप पोचवायला गेलात, आणि मी गिटार उचलून चालू पडले. मेणाने असा काय फरक पडणार, असं मला वाटलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसून तुम्ही ते ऐकलंत. दुसऱ्याच गाण्यात मी आवाज वाढवला आणि गिटार अशी किंचाळली की पुढच्या रांगेतल्या लोकांनी कान झाकले. कुणीतरी शिट्टी मारली. काहीतरी बोलायला हवं होतं आणि तोंडाला येईल ते मी माइकवर बोलले. "माफ करा मंडळी, घरगुती पिकअप आहे. आमच्या बाबांनी पंख्याची मोटार समजून गुंडाळलाय."

सगळा हॉल हसला. मला तेवढ्यापुरतं हायसं वाटलं, हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

कार्यक्रम संपला तेव्हा तुमच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. आई फोनवर म्हणाली, शेवटची बस चुकली असती. मी ते मान्य करून टाकलं. सोयीचं होतं. चार वर्षं मी अँप्लिफायरपासून दहा पावलं लांब उभी राहून, आवाज कमी ठेवून वाजवत आले. लोकांना वाटतं ती माझी शैली आहे. एकाने तर तसं छापूनही आणलं. पिकअप कुणाला दाखवला नाही, कारण दाखवला असता तर त्याने सर्जनकाकांसारखाच प्रश्न विचारला असता, आणि त्याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून येत होतं.

चूक माझी होती, आणि हसवलं मी तुमच्यावर. तुम्ही एका शब्दाने म्हणू शकला असतात की मेण राहिलं होतं. ना आईला सांगितलंत, ना मला, ना आता या कार्डात.

शनिवारी आमचा कार्यक्रम होता. हॉल तोच नव्हता, पण माइक होता. मध्येच थांबून मी सगळं सांगितलं, मेणासकट. कुणी हसलं नाही. मागून एक बाई ओरडली, "मग बाबांना कळवलंस का?" म्हटलं, नाही. तर म्हणते, "मग आम्हाला काय सांगतेस?"

तिचं बरोबर होतं. म्हणून कळवते आहे. माझं चुकलं, बाबा. मला माफ करा. आणि पिकअप मी तिसराच घेणार आहे, तुम्ही काहीही म्हणा. गुरुवारी दुपारी सर्जनकाकांकडे बसवणार.

तुमची,
धाकटी

२ एप्रिल

प्रिय बाबा,

बसमध्ये चढताना तुम्ही म्हणालात, "पत्र लिहीत जा. फोनवर तू घाईत असतेस." तेव्हा हे तिसरं. तुम्ही उत्तर चार ओळींचंच पाठवा, हरकत नाही.

त्या गुरुवारी दुकानाचं दार ढकललं आणि तुम्ही आत स्टुलावर बसलेले, हातात सर्जनकाकांचं भिंग, तर मला वाटलं आपण चुकून घरीच आलो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "ये. यांच्याकडे हात धुवावे लागतात." एवढंच. मी हात धुतले. बराच वेळ धुतले, कारण तोंडही धुवावं लागलं.

नंतर तुम्ही दोघांनी जो वाद घातलात तो मी कधी विसरणार नाही. तार किती ताणून धरायची यावर पाऊण तास! चहा दोनदा गार झाला. मग तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसलात आणि काकांनी चाचणीसाठी ठेवलेल्या, आधीच कोरलेल्या गिटारीत एकेक पिकअप लावून मला वाजवायला सांगितलं, कुठला कुठला ते न सांगता. तुमचा लागला तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "हा माझा. पातळ आहे. हिच्या बँडला पुरायचा नाही." माझ्याने ते बोलवलं नसतं. तुम्ही एखाद्या गिऱ्हाइकाच्या मोटारीबद्दल बोलावं तसं बोललात. आणि तरी जाडच घे म्हणून अडून बसलात. "गुणगुण नाही, ताकद आहे, आणखी काय हवं?" मी म्हटलं, "बाबा, मला टोक हवंय. गाण्यात शब्द संपतो तिथे गिटारीने टोचायला हवं. जाड पिकअप टोचत नाही, थोपटतो." तुम्ही परत जाड आणि तिसरा, दोन्ही वाजवायला लावलेत. मग भिंतीकडे बघतच म्हणालात, "तुझं वाद्य आहे. तुझा कान माझ्याहून पुढे गेलाय." लहानपणापासून मी तुमच्याकडून "बरं" याच्यापलीकडे शाबासकी ऐकली नव्हती.

तुमचा पिकअप बाजूला ठेवला होता. तो तुम्ही उचललात, काकांकडून मेण मागितलंत, पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवलंत आणि त्यात तो हळूच सोडलात. बारीक बुडबुडे येत होते. मी म्हटलं, "आता कशाला? तो तर काढला." तुम्ही म्हणालात, "काम अर्धं ठेवत नाहीत." आणि त्या वाटीकडे बघत, बुडबुडे थांबेपर्यंत, तुम्ही ते बोललात. "लागलं होतं मला. खोटं कशाला सांगू? मेणाचं सांगितलं असतं तर तू खजील झाली असतीस, नि माझं लागलेलं काही कमी झालं नसतं. म्हणून नाही सांगितलं. पण गप्प बसलो चार वर्षं, ते माझं चुकलं. तेवढं मात्र माझ्या नावावर ठेव."

याचं उत्तर आज लिहिते. ठेवलं. पण वाटा निम्मानिम्मा, बाबा, एकट्याने उचलायचा नाही.

आता बातम्या. रेकॉर्डिंग परवा संपलं. पहिल्या दिवशी बाईंनी डोळे मिटून ऐकलं, हेडफोन काढला, माझ्याकडे बघितलं आणि नुसतं "पुढचं घ्या" म्हणाल्या. ड्रमवाल्याच्या मते त्यांची यापेक्षा मोठी स्तुती अजून कुणाला मिळालेली नाही. मी अँप्लिफायरला जवळजवळ टेकून वाजवलं. हात मोकळा सुटला. पाचव्या गाण्यात जे टोचलंय ना, ते ऐकून आई म्हणेल, अगं बाई, दात दुखला. मुद्दाम तसं केलंय.

तुमचा पिकअप मी ठेवून घेणार होते, पेटीत, कापडात गुंडाळून वगैरे. काका म्हणाले, "वाजणारी वस्तू पेटीत कशाला ठेवायची?" त्यांच्याकडे एक शाळामास्तरीण बाई येतात. घरी हलक्या हाताने वाजवतात, शेजारी झोपलेले असावेत तशा. त्यांच्या गिटारीला तुमचा लावला. मी स्वतः ऐकलं. त्या आवाजाला तो इतका शोभतो की मला थोडा हेवाच वाटला. बाईंनी विचारलं, कुठल्या कंपनीचा? काकांनी तुमचं नाव आणि पत्ता सांगून टाकला.

तेव्हा तयार राहा. तीन मेलेल्या कॉइल आजच्या टपालाने तुमच्याकडे निघाल्यात, काकांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीत ताणाबद्दल पुन्हा टोमणा आहे, मी वाचलाय. सोडू नका त्यांना.

गाणी हातात आली की पहिली प्रत घेऊन मी स्वतः येते. दुकानातल्या त्या खरखरीत रेडिओवर लावू नका, मी चांगले स्पीकर आणते. आणि आईला सांगा, या वेळी जेवायच्या वेळेला तिच्याशी फोनवर नाही, तुम्हा दोघांशी समोर बसून बोलेन.

हात तुमचे घेतलेली, तोंड मात्र स्वतःचंच असलेली, आणि आता ते जपून वापरणारी,
तुमची लेक