अप्पांचा बाक

नांदेड, मंगळवार, वैशाखातली संध्याकाळ

आत्ताच उदगीरहून आलो. अप्पांना माती दिली. दुष्काळानं जमीन एवढी कडक झालीय की खड्डा खणायलाच दुपार झाली.

रेडिओचे सुटे भाग विकणारा माणूस. आधी उदगीर, मग नांदेड, आणि लातूर वेगळा जिल्हा झाल्यावर तिथं तिसरं दुकान. प्रत्येक दुकानात एक बाक असायचा. कुणीही यावं, बसावं, तारांना कथलाचा डाख देऊन आपला रेडिओ जुळवावा. मी त्यांच्याकडं कामाला लागलो आणि उदगीरच्या त्याच बाकावर शिकलो. म्हणून तर नांदेडचं दुकान त्यांनी माझ्या हाती दिलं.

आणि मी काय केलं? गिऱ्हाईक आटलं तसा बाक काढला आणि तिथं तयार टेपरेकॉर्डर मांडले. अप्पा आले, बाकाच्या जागेकडं बघत उभे राहिले.

“विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आता कुठं बसत्यात?”

“आता कोण बनवतंय, अप्पा? समदे तयारच घेतात.”

चहा न घेता गेले. पुन्हा नांदेडला आले नाहीत. मीही उदगीरला गेलो नाही.

आज माती झाल्यावर त्यांची लेक गंगाक्का जवळ आली. “आजारपणात लई वाट बघितली तुमची. बाकाचा राग नव्हता त्यांना, भाऊ. म्हणायचे, त्याच्यासारखा डाख कुणाचा बसत न्हाई.”

मी म्हणालो, “पाण्याच्या टँकरमागं पळण्यात जमलंच न्हाई, अक्का.”

तिनं मान डोलावली. बहुतेक खरं मानलं.

रोज सकाळी उदगीरची एसटी होती. त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, एवढंच कारण. आजही ते तिला सांगता आलं नाही.