पडवीतला कोपरा

शुक्रवार, २७ मे १९८३

पडवी मुलांना द्यायची, ठरलं! राही यंदा दहावीला. चुलीच्या धुरात बसून दहावी होत नाही, आणि घरात दुसरी जागा आहे कुठे? पावसाळ्याची लाकडं नि शेणी यंदा परसात, माडाच्या झापांखाली. भिजली तर भिजली.

हे आंब्याची रिकामी खोकी घेऊन आले. फुकट. जुने खिळे ठोकून सरळ केले, खोकी आडवी रचली, आत वर्तमानपत्र घातलं. झालं कपाट! मधे दोरीवर माझं जुनं पातळ. खिडकीकडचा कोपरा राहीचा, दाराकडचा बाबूचा. तो सहावीत, त्याला उजेड असला काय, नसला काय. तर म्हणतो, "माझ्या बाजूला पातळाची उलटी बाजू का?"

मी मॅट्रिक झाले ती मामाकडे माळ्यावर वाकून बसून. लेकीला मान ताठ ठेवता येईल एवढी जागा मिळाली. देवापुढे जरा जास्त वेळ बसले.

सोमवार, ३० मे

उपास. देवळातून येते तो राहीची खोकी भिंतीपासून ओढून मधेच आणलेली, आणि कोपऱ्यात तुळसाची ट्रंक!

तुळसा माझी धाकटी जाऊ. भागोजी भावोजी मुंबईला, ती आमच्याकडे असते. विचारलं तर म्हणते, "कोपऱ्यात ओल येते वैनी. पुस्तकं खराब व्हतील."

"आणि तुझी ट्रंक नाही खराब होणार?"

"ती पत्र्याची हाय."

उत्तर तयारच! मे महिन्यात कसली ओल?

मला कळत नाही असं वाटतं का? भावोजींनी मागच्या पत्रात लिहिलंच होतं, मुंबईत आता मन लागत नाही. आज ट्रंक, उद्या स्टोव्ह, परवा पडवी वेगळी मागतील. आणि राही परत चुलीपाशी!

ह्यांना सांगितलं. "तुला सगळीकडे वाटण्याच दिसतात," म्हणाले, आणि पेपर वर धरला.

बुधवार, १ जून

रॉकेलचा डबा हलका लागतो. हिशेबाने महिनाअखेरपर्यंत पुरायला हवं. विचारलं नाही. बघत्ये.

शनिवार, ४ जून

सारवण म्हटलं की जिची कंबर धरते ती बाईसाहेब आपणहून पडवी सारवते! सगळी नाही — तेवढाच कोपरा. परवा सारवला, आज पुन्हा. आणि मदतीला कोण? आमची राही. मी दारात गेले की दोघी गप्प. राही चटकन ट्रंकेवर बसली.

"ऊठ, ट्रंक सरकव. झाडायचंय."

"आई, नको ना! मी झाडते."

घरात केरसुणीला हात न लावणारी मुलगी! नखांत लाल माती.

दुपारी शेजारच्या गोदूबाईंनी दगडी गडग्यावरून हाक मारली. "तुझी जाऊ टोपलीतनं माती कुठं नेऊन टाकते गो? घरात विहीर खणताव की काय?"

त्या हसल्या. मीही हसले.

माती! म्हणजे खणतात! सासूबाईंची सोन्याच्या पुतळ्यांची माळ. त्या गेल्या तेव्हा सगळं घर धुंडाळलं, सापडली नाही. शेवटी शेवटी पाय कोण चेपत होतं? तुळसा. कानात काय सांगून गेल्या कोणाला ठाऊक!

तुळसाचं एक वेळ समजते. पण राही? तिला काय कबूल केलं असेल काकीने? त्यासाठी आईपासून लपवायचं? हे मात्र फार लागलं.

मंगळवार, ७ जून

भैरीबुवाच्या देवळात जाऊन आले. गुरवाला सांगून कौल लावावा असं मनात होतं. तिथे ओळखीच्या बायका बसलेल्या. जाऊ चोर आहे का, हे देवाला चारचौघींसमोर कसं विचारायचं? नारळ ठेवला आणि तोंड मिटून परत.

बाबूला बाजूला घेतलं. "काकी पडवीत काय करते रे?"

"मला शपथ घातलीय."

"कोणाची?"

"तुझीच!"

माझ्याच घरात, माझ्याच मुलाला, माझीच शपथ! ताट तसंच सारलं.

शुक्रवार, १० जून

सोमवारी शाळा. तुळसा सुकी मासळी आणायला मिरकरवाड्याला गेली, राहीला बरोबर नेलं. म्हटलं, हीच वेळ. ट्रंक ओढली.

वारूळ!

गुडघ्याच्या खाली येईल एवढं. शेंडा फोडलेला, त्यावर नवी ओली लाल माती चढत होती. रॉकेलचा भपकारा. हात आपसूक जोडले गेले. वारुळाच्या रूपाने देवी घरात आली आणि हिने तिच्यावर रॉकेल ओतलं? धावत जाऊन हळदकुंकवाचा करंडा आणला. बोट कुंकवात बुडवलं, तेवढ्यात दोघी दारात.

राहीने पिशवी टाकलीन. "आई, लावू नको! एकदा लावलंस की संपलं सगळं!"

ती रडायलाच लागली. मला काही समजेना. मग तुळसा बोलली.

"वैनी, तुमीच सांगता ना, माहेरी माजघरात वारूळ आलं नि तुमच्या आजोबांनी खोली देवीला सोडली ती कायमची. तुमाला दाखवलं असतं तर तुमी पडवी सोडली असती. मग ही बाय कुठं बसणार? आमी फोडतो, तर सकाळला परत वाढलेलं. वाळवी खोकी खाईल म्हणून ती मधी वढली. ट्रंक ठेवली ती वारूळ दिसू नये म्हणून."

"अगो, पाप लागेल तुला!"

"लागूदे. मला पोर ना बाळ. लागून लागून कोणाला लागंल?"

असं म्हणून ती मासळी निवडायला बसली.

करंडा मिटला. बोटावरचं कुंकू पदराला पुसलं. पुतळ्यांचं तिला काय सांगणार? मला तिच्याकडे बघवेना.

शनिवार, ११ जून

वारूळ बोटभर वाढलंय. राहीने पुस्तकं उचलून परत चुलीपाशी नेली. मीही नको म्हटलं नाही. दिवसभर नामस्मरणात मन नाही.

रविवार, १२ जून

हे बाहेर पडल्यावर आंघोळ केली. वारुळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, पदर पसरून सांगितलं — परसात फणसाखाली जागा देते, तिथे ये. इथे माझी लेक बसायची आहे.

मग पहार उचलली. तुळसा पुढे आली, तिला मागे सारलं. "तू नको. हे माझ्या हातून होऊदे."

संध्याकाळी हे विचारतात, रॉकेलचा वास कसला? म्हटलं, राहीच्या डोक्यात उवा झाल्यात. खोक्यांआडून राही ओरडली — "आई!!" तुळसा पदर तोंडाला लावून परसात पळाली. मीही तिच्यामागे.