बाईचं कडवं

हारो, इलोइलो
कँडेलेरियाच्या जत्रेआधीचा मंगळवार

प्रिय मानांग ट्रिनिंग,

धाकट्या भावजयीने नमस्काराला तुमचा, थोरल्या नणंदेचा, हात कपाळाला लावला आहे, असं समजा (माझं कपाळ विनिपेगपर्यंत पोचत नाही). तिथल्या बर्फात गुडघे काय म्हणतात? तुमचा खोका सुखरूप आला. मांसाचे डबे, साबण, मोजे, सगळं मिळालं. चॉकलेटांचा मात्र शेजारच्या कोमाद्रे बासिंगने ‘मला साखर आहे गं, मी नुसता वास घेते’ म्हणत फडशा पाडला.

आता तुमच्या भावाविषयी. दर फोनला तुम्ही विचारता, “इमो बोलतो का गं?” आणि मी म्हणते, “बोलत नाही, गातो.” तुम्हाला ती थट्टा वाटते, म्हणून हे सविस्तर. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही, की ‘मिला’ म्हणून मला हाक मारता येत नाही; पण गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत. डॉक्टर म्हणाले, डोक्यात बोलण्याची खोली वेगळी आणि गाण्याची वेगळी. एकीचं छप्पर उडालं, दुसरी शाबूत आहे. पण त्या शाबूत खोलीत सामान काय, तर जन्मभर दर शनिवारी रेडिओवर ‘या आठवड्याचं पहिल्या नंबरचं गाणं’ जाहीर करणाऱ्या माणसाकडे असेल तेवढंच. चर्चमधलं एकही गीत नाही. सगळी पहिल्या नंबरची. काही हवं असलं की तो त्यातलंच एक काढतो आणि त्याचा अर्थ मी लावायचा.

त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी या गाण्यांच्या शब्दांकडे नीट लक्ष दिलं. इतकी वर्षं इस्त्री करता करता ऐकली होती आणि सुंदर वाटली होती. मानांग, फार निराशा झाली. इतक्या दशकांत पहिल्या नंबरवर आलेल्या एकाही गाण्यात भात नाही, उशी नाही, औषध नाही. साठच्या दशकातले पुरुष सात समुद्र पोहून यायला एका पायावर तयार, पण विहिरीवरून बादलीभर पाणी आणतो असं कुणी म्हणत नाही (इमोने समुद्र पोहायला घेतला की मी ग्लास पुढे करते, कधी बरोबर येतं, कधी त्याला पंखा हवा असतो). सत्तरच्या दशकात सगळे एकमेकांना सोडून जातात, तेही इतक्या संथ चालीत, की बस चुकलीच असणार. ऐंशीच्या दशकात जो तो पेटलेला. मला ते अगदीच उथळ वाटायचं, पण परवा आल्याच्या पेजेचा पहिला घास घेताच इमोने ‘जळतोय, जळतोय’वालं गाणं काढलं आणि त्या दशकाविषयीचं माझं मत बरंच सुधारलं. नव्वदमध्ये पुरुष पहिल्या ओळीपासून रडतात आणि शेवटच्या कडव्याला अख्खं गाणं एक पायरी वर चढवतात, भांडण हरायला आलं की नवरे आवाज चढवतात तसं. त्यानंतरच्या गाण्यांत एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो निदान हाक मारायला उपयोगी पडतो. अगदी अलीकडच्या गाण्यांत बायका ‘तुझ्यावाचून माझं काही अडत नाही’ असं ठणकावून सांगतात. ती मला आवडतात, पण ती इमोला येत नाहीत (तोवर त्याने नोकरी सोडली होती).

कोमाद्रे बासिंग म्हणते, “तुझं बरं आहे बाई. माझा बोलतो!” त्यांच्या घरच्या, गाण्याला गुण देणाऱ्या व्हिडिओके यंत्राने इमोला सत्त्याण्णव गुण दिले आणि तिच्या धडधाकट नवऱ्याला अडुसष्ट, तेव्हापासून ती जरा कडवट झाली आहे.

एका गाण्याने मात्र माझी झोप उडवली आहे. तुम्हाला आठवत असेल, आपल्या तरुणपणी ते किती आठवडे पहिल्या नंबरवर ठाण मांडून बसलं होतं. दोघांचं गाणं. पुरुष अंगणातून विचारतो, दार उघडं आहे का, की मी परत फिरू? मग बाई उत्तर देते. इमो रोज संध्याकाळी पुरुषाचं कडवं गातो, थांबतो आणि माझ्याकडे बघत राहतो. मी गप्प. मग तो भिंतीकडे तोंड फिरवतो आणि जेवत नाही. आधी अर्धा वाडगा तरी खायचा. आता तेवढंही नाही.

मी गप्प, कारण मला बाईचं कडवं येत नाही. तेव्हा सगळ्या इलोइलोला यायचं, आमच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधल्या मुलींना तेवढं नाही. बाईने तोंड उघडलं की मदर पेर्पेतुआ रेडिओ बंद करून आमच्याकडून जपमाळ म्हणून घ्यायच्या. “पुरुष काय, विचारणारच,” त्या म्हणायच्या. “तिने काय सांगितलं, ते तुम्हाला कळायचं कारण नाही.” बासिंगच्या मुलीने फोनवर शोधून दिलं, पण ती निघाली नवी आवृत्ती. त्यात एकटा पुरुषच गातो. बाईला काढूनच टाकलं आहे. (मदर पेर्पेतुआंना हल्लीचं संगीत आवडलं असतं.)

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना ऊब द्या.

तुमची,
मिला

ता. क. – व्यायाम शिकवायला येणाऱ्या ग्लेंडाबाई म्हणतात, “मॅडम, कसलं प्रेम आणि कसलं काय! त्यांना बाथरूमचं दार उघडून हवंय.” काल उघडून दिलं. तो खरंच आत गेला. मी इतकी खजील झाले! पण बाहेर आला, खुर्चीत बसला, पुन्हा तेच गायला आणि पुन्हा माझ्याकडे बघत बसला.

आणखी एक. ते गाणं गाजत होतं, त्या वर्षी बोर्डिंगच्या मागच्या भिंतीपाशी, सांतोलच्या झाडाखाली, कॉलेजची मुलं पुरुषाचं कडवं गायची. उत्तर मुलींनी द्यायचं, अशी रीत. एक आवाज बाकीचे गेल्यावरही येत राहायचा. मी खिडकीआड उभी असायचे आणि काय म्हणायचं ते मला ठाऊक नसायचं. पुढे तो यायचा थांबला. इमोची आणि माझी ओळख तुम्ही करून दिलीत ती नंतर कितीतरी वर्षांनी, तुमच्या घरी, पान्सितच्या शेवयांच्या ताटांवरून. त्याने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आता विचारलं तर तो सांगणार कसा? तुम्ही त्याची बहीण. तो कुठल्या भिंतीपाशी जायचा, तुम्हाला माहीत असेल.

आणि खरं काम हे, की बाईचं कडवं मला लिहून पाठवू नका. चालीशिवाय त्याला कळायचं नाही. रविवारी फोनवर गाऊन दाखवा, मी मागून म्हणेन. आणि त्या बाईने त्याला परत पाठवलं असेल, तर मानांग, मला ते शिकवूच नका. आपण दोघी दुसरं रचू. यमक तुम्ही बघा, दार मी उघडते.