शेजारणीसाठी विचारतेय

सोमवार, ३ मार्च

बाळ बरं आहे. हिरड्या शिवशिवतात म्हणून दिसेल त्याचा अंगठा चावतं. मुलगा बरा — जहाजावरून फोन आला, आवाज खणखणीत. सूनबाई बरी, पण उतरलेली दिसते. जागरणं, दुसरं काय! उजवा गुडघा बरा, डावा रुसलेला.

आणि मी? माझं विचारू नकोस, वहीबाई.

आज कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंच्या बाळाला न्हाऊ घालताना ते माझ्या हातून निसटलं. टबात, बोटभर पाण्यात. रडलं नाही, उलट हसलं! त्याची आई म्हणते, "आजी, किती मजा करता हो त्याच्याशी!"

मजा! गावची पोरं या हातांनी न्हाऊ घातली, एकालाही ओरखडा नाही. आता सकाळी दोन घोट घेतल्याशिवाय हातांचं कापणं थांबत नाही, आणि घेतले की हातांतून पोरं निसटतात.

मंगळवार, ४ मार्च

दवाखान्याच्या फळ्यावर चिठ्ठी आहे — दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक, दर शनिवारी संध्याकाळी. खाली फोन नंबर. लावला, ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. शेवटी पलीकडून कुणी तरी उचललाच!

"शेजारणीसाठी विचारतेय," म्हटलं.

"बरं. कशी आहे शेजारीण?" बाप्याचा आवाज.

"घाबरलीय."

"मग योग्य ठिकाणीच फोन केलात. शाळेत, चित्रकलेच्या वर्गात बसतो आम्ही. नाव सांगावं लागत नाही. चहा असतो. आणि तिला म्हणावं, एकदम तोडू नकोस, आधी डॉक्टरांना दाखव." आणि वर, "दाखवाल ना, आजी?"

ओळखलं की मेल्यानं!

गुरुवार, ६ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. गोळ्या दिल्या, रोज दाखवायला ये म्हणाल्या. आज एक घोट नाही. बाटली फेकवत मात्र नाही. माझ्या कपाटात तेलाच्या बाटल्यांमागे आहे, गळ्यापर्यंत भरलेली.

हात लटलटतात. कामाला सुट्टी सांगितली. आपल्या बाळालाही उचलत नाही, गुडघ्याचं निमित्त सांगते. सूनबाईच कपडे घालते त्याला. झबल्याचे बंद बांधते ते बुटाच्या नाडीसारखे, दोन फुलं काढून!

"अगं, त्या गाठीवर निजलं की टोचते त्याला. माझ्यासारखी चपटी बांध."

"हाताला तेच वळण आहे हो आई. झोपेतसुद्धा तशीच बांधीन!"

हसलो दोघी. बरं वाटलं.

शनिवार, ८ मार्च

गेले!

टॉवेल-तेलाची पिशवी बरोबर घेतली. कुणी हटकलं तर बाळ न्हाऊ घालायला निघाले म्हणायला. शाळेला दोन वळसे घातले. फाटकाशी वाण्याची बायको दिसली तशी उगाच भिंतीवरची जाहिरात वाचत उभी राहिले — जाहिरात कसली, उंदरांच्या औषधाची!

आत सहा-सात बाप्ये. पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लागलेले. चहा ओतणारा खाली वाकला नि त्याच्या डोक्यावर मला दोन भोवरे दिसले. तोंडातून निघूनच गेलं —

"अरे, पाणी लागलं की टाहो फोडणारा भोवऱ्या ना तू?"

जिथे कुणी कुणाला ओळख दाखवायची नाही, तिथे मी आल्या आल्या हे! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं शांतपणे कप माझ्या हातात दिला. "आजी, तुमच्यापासून काय लपवायचं? तुम्ही आम्हाला नागडं पाहिलंय."

"मला पण!" मागून एक जण. मग सगळेच हसले.

मग मी बोलले. मी दारू पिते, म्हणाले. आवाज माझा वाटेना. कुणी दचकलं नाही. कप अर्धा बशीत सांडला, त्याकडेही कुणी पाहिलं नाही.

निघताना भोवऱ्या म्हणतो, "पुढच्या शनिवारी शेजारीण येईल ना?"

सोमवार, १० मार्च

बाटली निम्मी झालीय!

मी थेंब घेतलेला नाही. देवाशपथ नाही. मग कुणी घेतली? घरात बाळ आणि आम्ही दोघी. म्हणजे मीच! झोपेत उठते की काय? पिते, परत निजते, नि डोक्यात काही राहत नाही? तळव्यात फुंकर मारून वास घेतला. गोळ्यांचाच येतो.

आणि तशीच, झोपेतच, बाळाला उचललं तर?

मंगळवार, ११ मार्च

कपाटाच्या दोन्ही मुठी झबल्याच्या बंदानं बांधून टाकल्या. गाठ माझी, चपटी. सकाळी ती सुटलेली दिसली तर मुलाला फोन करणार — मला बाळाजवळ ठेवू नका, कुठेही ठेवा. ठरलं.

बुधवार, १२ मार्च

गाठ आहे. बांधलेलीच आहे. पण चपटी नाही. बुटाच्या नाडीसारखी, दोन फुलं काढलेली.

बाटली तळाला गेलीय. आणि आतल्या खोलीत ती बाळाला अंगावर पाजतेय.

डॉक्टरीणबाईंकडे आजच नेते. शनिवारी बैठकीला, शेजारणीला घेऊन. पण पहिला शब्द कोणता काढू गं? वहीबाई, सुचला तर लिहून कळव. लवकर! बाळाचं पिऊन होत आलंय.