पोशेरा नावाची चाल

सर, रंगानं माखलेल्या हातानं लिहितोय, अक्षर समजून घ्या. मुंबईतल्या ज्या मोठ्या चर्चमध्ये तुम्ही उभी हयात ऑर्गन वाजवलात, गाणी रचलीत, तिथं मी सध्या रंगकामाला आहे. काल परांचीवर चढून छत घासत होतो आणि खाली ऑर्गनवर माझी चाल सुरू झाली. माझी. आईच्या आवणीच्या, भात लावतानाच्या गाण्यातून काढलेली, आयुष्यात एकदाच वाजवलेली. हातातला घासायचा पत्रा सुटून खाली पडला.

तो रविवार तुम्हाला आठवत असेल. जव्हारचं छोटं चर्च, निवृत्त होऊन येताना तुम्ही आणलेली पायपेटी. आम्ही चर्चचे नाही, तरी मला पोशेऱ्याहून बोलावून शिकवायचात. ‘पाय थांबला की सूर मेला, बाबा.’ प्रार्थना संपता संपता मी ती चाल धरली, कारण जिच्यासाठी काढली ती पोरगी गाणाऱ्यांत उभी होती. शेवटच्या ओळीपाशी आलो आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, ‘ही देवाची जागा आहे. पोरीला हाका मारायच्या तर बाजारात जा.’ मी झाकण आपटलं आणि निघालो, तो परत आलोच नाही. त्याच वर्षी तुम्ही गेलात. आई म्हणाली, ‘सर गेलं तुजं. माती द्यायला तरी जा.’ नाही गेलो. पुढं त्या पोरीमागं नाशिकला गेलो, कॉलेज अर्धवट सुटलं, आता ती फोनही उचलत नाही.

काल धडाधड खाली उतरलो. वाजवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘सरांची शेवटची रचना, जव्हारहून पाठवलेली. नवरी आत येताना हीच वाजवतो.’ त्यांनी कागद दाखवला. चालीला गावाचं नाव द्यायची तुमची रीत; वर लिहिलंय, पोशेरा. खाली तुमचंच बारीक अक्षर: ‘चाल माझी नाही. ज्याची आहे तो रागावून गेलाय. आला तर शेवटची ओळ त्यालाच विचारा, मला जमली नाही.’ ती ओळ कोरी.

‘मग तिथं काय वाजवता?’

‘ज्याला जे सुचेल ते. तुम्ही ओळखता का त्या मुलाला?’

मी म्हणालो, नाही.

हे पत्र रंगाच्या डब्याखालीच राहणार, म्हणून सांगतो. ती ओळ माझ्याकडेही नाही, सर. तिनं वर बघितलं की सुचेल, म्हणून मी तिथं रेंगाळलो होतो. तिनं बघितलंच नाही. झाकण मी त्या रागानं आपटलं. नाव तुमचं पुढं केलं.